दुरिताचें कोडें : युक्रेनियन काव्यांतील ख्रिस्ती दुःखविचार

सन १८४७ च्या उन्हाळ्यांत रशियन साम्राज्याच्या पूर्व सीमेवरील ओर्स्क नांवाच्या किल्ल्यांत एक नवा शिपाई येऊन दाखल झाला. वय तेहेतीस वर्षें, पेशा चित्रकाराचा, आणि गुन्हा कविता लिहिल्याचा. त्याच्या शिक्षेच्या कागदावर सम्राट पहिला निकोलस यानें स्वहस्तानें एक ओळ जोडली होती. या माणसावर कडक नजर ठेवावी आणि त्याला लिहूं वा चित्रें काढूं देऊं नये, असा तिचा आशय होता. त्या शिपायाचें नांव तारास शेव्चेन्को. बंदी असतांहि त्यानें कागदाच्या चिमुकल्या वह्या शिवल्या, मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत त्यांत कविता लिहिल्या, आणि तपासणीच्या वेळीं त्या आपल्या उंच बुटांत दडविल्या. युक्रेनियन वाङ्मयाच्या इतिहासांत त्या 'बुटांतल्या वह्या' याच नांवानें प्रसिद्ध आहेत. हद्दपारींत त्याला आधार होता तो बायबलाचा. सन १८५० मध्यें एका स्नेही स्त्रीला पाठविलेल्या पत्रांत, नवा करार वाचतां वाचतां येशूच्या आईच्या अंतःकरणाचें चित्र काव्यांत रेखाटावें असें मनांत येत असल्याचें त्यानें कळविलें. तो संकल्प नऊ वर्षांनीं सिद्धीस गेला.

छळ सोसणाऱ्यानें आपल्या दुःखाचें उत्तर ज्या ग्रंथांत शोधावें, त्याच ग्रंथाच्या नांवानें त्याला छळणाराहि राज्य करीत असावा, हें या प्रसंगांतलें मर्म आहे. सम्राटाचा राज्याभिषेक चर्चमध्यें होत असे. भूदासांची खरेदी-विक्री करणारे जमीनदार नेमानें प्रार्थनेस जात. आणि कैद्यांना हांकीत नेणाऱ्या शिपायांच्या गळ्यांतहि क्रूस असे. मग हा क्रूस कोणाचा? मारणाऱ्याचा कीं मार खाणाऱ्याचा? गेल्या दोनशे वर्षांत युक्रेनियन काव्यानें हा प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला आहे. निरनिराळ्या कवींनीं त्याला दिलेलीं उत्तरें एकमेकांशीं जुळत नाहींत. कित्येकदां तीं परस्परांशीं भांडतात. पण या भांडणांतच त्या काव्याचें सामर्थ्य सांठवलेलें आहे.

प्रश्नाचें ख्रिस्ती स्वरूप आधीं नीट ध्यानांत घेतलें पाहिजे. कर्मविपाक मानणाऱ्या मनाला दुःखाचा हिशेब मागील जन्मांच्या खातीं मांडतां येतो. ख्रिस्ती मताला ही सोय नाहीं. जन्म एकच, ईश्वर एकच, तो सर्वशक्तिमान आणि शिवाय दयाघन. मग निरपराध बालकानें उपाशीं कां मरावें? या कोड्याला ख्रिस्ती परंपरेनें मुख्यतः तीन उत्तरें दिलीं. पहिलें असें कीं, ईश्वरानें दुरित निर्माण केलें नाहीं. मनुष्याला दिलेल्या स्वातंत्र्याचा त्यानें दुरुपयोग केला आणि त्या आदिपापाचें फळ सारी मानवजात भोगीत आहे. दुसरें उत्तर जुन्या करारांतील ईयोबाच्या कथेंत सांपडतें. ईयोब हा सत्पुरुष. तरी त्याचीं मुलेंबाळें, धन, आरोग्य सारें हिरावून घेतलें जातें. तूं कांहींतरी पाप केलें असशील, असें त्याचे मित्र त्याला समजावितात. पण कथेच्या अखेरीस ईश्वर त्या शहाण्या मित्रांवरच रागावतो, आणि तक्रार करणाऱ्या ईयोबाला खरें बोलणारा म्हणतो. तिसरें उत्तर क्रूसाचें. त्यांत दुःखाचें कारण सांगितलेलें नाहीं. ईश्वर स्वतः मनुष्य होऊन त्या दुःखांत उतरला, एवढेंच सांगितलें आहे. शिक्षा, परीक्षा आणि सोबत असे हे तीन विचार होत. युक्रेनियन कवींनीं यांतील प्रत्येकाची कसोटी घेतली.

या भूमीवर ख्रिस्ती धर्म आला तो सन ९८८ मध्यें, कीव्हचा राजा व्होलोदिमिर यानें बाप्तिस्मा घेतला तेव्हां. त्याच्या मरणानंतर, सन १०१५ मध्यें, गादीच्या तंट्यांत त्याचे दोन तरुण पुत्र बोरिस आणि ह्लिब मारले गेले. परंपरा सांगते कीं, भावानें मारेकरी पाठविल्याचें कळल्यावरहि बोरिसानें आपल्या भावावर शस्त्र उचललें नाहीं. सैन्य परत पाठवून तो प्रार्थना करीत बसला. धर्मासाठीं मरण पत्करणारा तो हुतात्मा, अशी चर्चची नेहमींची व्याख्या. हे दोघे तर धर्मासाठीं मेले नव्हते. राज्यलोभाच्या एका क्षुद्र तंट्यांत ते बळी पडले होते. तरीहि त्या भूमीचे पहिले संत म्हणून मान मिळाला तो यांना, आणि त्यांच्यासाठीं 'यातना सोसणारे' अशी निराळी पदवी रूढ झाली. प्रतिकार न करतां सोसलेलें दुःख हेंच पवित्र, ही समजूत अशा रीतीनें तेथील धर्मजीवनाच्या पायांतच बसविली गेली. पुढें शतकानुशतकें गांवोगांव हिंडणारे आंधळे गायक श्रीमंताच्या दारांतील दरिद्री लाजारसाचीं आणि अनाथ पोरक्या मुलीचीं गाणीं गात राहिले. ऐकणारीं माणसें तींत स्वतःलाच ओळखीत असत.

याला आणखी एका कारणाची जोड मिळाली. ऑर्थोडॉक्स चर्चमधील उपासना जुन्या स्लाव्ह धर्मभाषेंत चाले, आणि लोकांच्या बोलींत धर्मग्रंथ आणण्यास रशियन सरकार तयार नव्हतें. फिलिप मोराचेव्स्की या शिक्षकी पेशांतील गृहस्थानें चारी शुभवर्तमानांचें युक्रेनियन भाषांतर सिद्ध केलें. पण तें छापण्यास परवानगी मिळाली नाहीं. इतकेंच नव्हे, तर सन १८६३ मध्यें अंतर्गत कारभाराचा मंत्री वालुयेव यानें गुप्त परिपत्रक काढून युक्रेनियन भाषेंतील धार्मिक व शालेय पुस्तकांच्या छपाईवर बंदी घातली. सन १८७६ च्या दुसऱ्या फर्मानानें ती अधिकच कडक झाली. मोराचेव्स्कीचें भाषांतर वाचकांच्या हातीं पडूं लागलें तें सन १९०६ पासून. संपूर्ण बायबल त्याआधीं, सन १९०३ मध्यें, ब्रिटिश अँड फॉरिन बायबल सोसायटीनें साम्राज्याच्या हद्दीबाहेर छापलें. त्याचे भाषांतरकार कवि पांतेलेइमोन कुलिश, कादंबरीकार नेचुइ-लेवित्स्की आणि भौतिकशास्त्रज्ञ इव्हान पुलूय हे होत. ज्या भाषेंत धर्मग्रंथ छापण्यास मनाई, त्या भाषेंत धर्मग्रंथाचें काम काव्याला करावें लागलें. ईश्वराशीं संवाद, त्याच्याकडे फिर्याद आणि त्याच्याशीं तंटा, हें सारें कवितेंतून होऊं लागलें. युक्रेनियन घरांत संतांच्या तसबिरीखालीं शेव्चेन्कोचें चित्र लावण्याची आणि त्याला टांवेल-तोरणांनीं सजविण्याची चाल कां पडली, तें यावरून समजतें.

या परंपरेंतील पहिला मोठा पुरुष ह्रिहोरी स्कोवोरोदा. सन १७२२ मध्यें पोल्ताव्हा प्रांतांतील चोर्नुखी गांवीं एका कोसॅक कुटुंबांत त्याचा जन्म झाला. कीव्हच्या मोहिला अकादमींत तो शिकला, पीटर्सबर्गच्या दरबारांतील गायकवृंदांत कांहीं काळ गायला, पेरेयास्लाव्ह व खारकीव्ह येथें त्यानें शिकविलें. आणि शेवटीं सर्व नोकऱ्या सोडून, झोळींत बायबल घालून, आयुष्याचीं अखेरचीं पंचवीसएक वर्षें त्यानें पायीं हिंडण्यांत घालविलीं. 'दिव्य गीतांचें उपवन' या नांवाखालीं त्याचीं तीस गीतें एकत्र आहेत. त्याच्या मतें दुरिताचें मूळ बाहेरच्या जगांत नाहीं. आपल्याच इच्छेंत आहे. मनुष्याला जें अवश्य आहे तें ईश्वरानें सोपें करून ठेवलें आणि जें कठीण आहे तें अनावश्यक केलें; तरी मनुष्य त्या कठिणामागेंच धांवतो आणि दुःखी होतो. एका गीतांत तो नगराच्या बाजारांत धांवपळ करणाऱ्या नाना प्रकारच्या माणसांची गंमत करतो. कोणी पदवीसाठीं वांकतो, कोणी मापांत फसवितो, कोणी शिकारी कुत्रे पोसतो. कवीला मात्र एकच चिंता, कीं बुद्धि शाबूत असतांना मरण यावें. सन १७९४ मध्यें तो निवर्तला. जगानें आपल्याला पकडूं पाहिलें पण तें त्याला साधलें नाहीं, अशा अर्थाचा लेख त्यानें आपल्या थडग्यासाठीं सांगून ठेवला होता.

हें उत्तर सुंदर आहे. पण तें मोकळ्या माणसाचें उत्तर आहे. सन १७८३ मध्यें राणी कॅथेराइन हिनें ज्या मुलखांत स्कोवोरोदा हिंडत होता त्याच मुलखांतील शेतकऱ्यांना कायद्यानें जमिनीशीं बांधून टाकलें. ज्याला पकडण्याचा जग प्रयत्न करतें त्याला निसटतां येईल. जो जन्मतःच पकडलेला, त्यानें काय करावें? तो प्रश्न पुढच्या शतकानें विचारला, आणि विचारणारा स्वतःच भूदासाचा मुलगा होता.

शेव्चेन्कोचा जन्म सन १८१४ चा. नऊ वर्षांचा असतांना त्याची आई गेली, अकराव्या वर्षीं बाप गेला. पोर मालकाचा हरकाम्या झालें. त्याच्या अंगीं चित्रकला आहे हें पाहून पीटर्सबर्गमधील कलावंतांनीं त्याला सोडविण्याचें मनावर घेतलें. प्रख्यात चित्रकार ब्रुलोव्ह यानें कवि झुकोव्स्की याचें चित्र काढलें, त्या चित्राची सोडत केली, आणि आलेल्या २५०० रूबलांत सन १८३८ मध्यें एक मनुष्य विकत घेऊन मोकळा करण्यांत आला. दोन वर्षांनीं त्याचा 'कोबझार' हा आठ कवितांचा लहानसा संग्रह निघाला. माणसाची किंमत रोख मोजली जातांना ज्यानें पाहिली, त्याला दुरित हा केवळ अंतःकरणाचा दोष वाटणें शक्य नव्हतें. त्याच्या काव्यांत दुरिताला पत्ता आहे. तें वाड्यांत राहतें, कचेरींत बसतें, आणि आरती-धूपाच्या सुगंधांतहि वावरतें.

'काव्हकाझ' हें त्याचें काव्य सन १८४५ चें. काकेशसच्या डोंगरी लोकांना जिंकण्यासाठीं रशियानें चालविलेल्या लढाईंत याकिव द बाल्मेन हा त्याचा मित्र मारला गेला होता. आश्चर्य असें कीं, मित्र ज्यांच्या हातून मेला त्या डोंगरी मुसलमानांवर कवि रागावत नाहीं. तो त्यांच्याच बाजूनें उभा राहतो. काव्याच्या आरंभीं काकेशसच्या कड्याला जखडलेला प्रोमिथियस आहे. गरुड त्याला रोज टोंचतो आणि तें काळीज रोज पुन्हा भरून येतें. त्याच काव्यांत पुढें तो ख्रिस्ताला विचारतो कीं, तूं क्रूसावर चढलास तो कोणासाठीं? तुझ्या नांवानें परमुलूख लुटून मग तुझ्याच मंदिरांत गुडघे टेंकणाऱ्यांसाठीं? त्याच वर्षीं, सन १४१५ मध्यें जाळून मारलेल्या यान हुस या सुधारकावर त्यानें 'पाखंडी' हें काव्य लिहिलें, दाविदाच्या दहा स्तोत्रांना युक्रेनियन रूप दिलें, आणि नाताळांत अंथरुणाला खिळलेला असतांना आपलें प्रसिद्ध 'मृत्युपत्र' लिहिलें. देश मुक्त होईपर्यंत आपण ईश्वराला ओळखत नाहीं, असें त्यांत तो उघड सांगतो. वरवर पाहतां ही नास्तिकता. पण ती ईयोबाच्या जातीची आहे. ज्याचा विश्वास मेला तो फिर्याद करीत नाहीं. फिर्याद करणाऱ्याला न्यायाधीश आहे असें वाटत असतें.

पण रागानें भरलेल्या याच कवीच्या काव्याचा गाभा आईच्या मूर्तीनें व्यापला आहे. 'कातेरिना' मधील फसलेली तरुणी मूल कडेवर घेऊन घराबाहेर हांकलली जाते आणि अखेर जीव देते. 'नायमिच्का' मधील आई आपलें मूल निपुत्रिक म्हाताऱ्यांच्या दारांत ठेवते, त्याच घरीं मोलकरीण म्हणून राहते, आणि मरतेवेळींच मुलाला खरें काय तें सांगते. हद्दपारींतून सुटतांना, सन १८५७ मध्यें, त्यानें 'नवदीक्षित' हें काव्य लिहिलें. नीरो बादशहाच्या रोममध्यें श्वापदांपुढें टाकलेल्या एका ख्रिस्ती तरुणाची मूर्तिपूजक आई मुलाच्या मरणानंतर त्याचीच शिकवण बाजारांत सांगत सुटते. आणि सन १८५९ मध्यें 'मारिया' हें काव्य आलें. तेथें येशूची आई स्वर्गाची राणी नाहीं. ती राबणारी गरीब बाई आहे. मुलाच्या वधानंतर भेदरलेल्या शिष्यांना तीच गोळा करते, धीर देते. आणि स्वतः मात्र कुंपणाशीं तणांत उपाशीं मरून पडते. पुढें तिच्याच मूर्तीला रत्नांनीं मढविणाऱ्यांना याची आठवणहि नसते. चर्चच्या शिकवणीशीं हें जुळणारें नव्हे. पण दुःख सोसणें आणि दुःखाला वश होणें या दोन गोष्टी निराळ्या आहेत, हें शेव्चेन्कोला सांगावयाचें होतें, आणि तें त्यानें त्या एका बाईच्या चरित्रांतून सांगितलें. सन १८६१ च्या मार्चमध्यें तो वारला. भूदासांच्या मुक्ततेचा जाहीरनामा त्यानंतर एक आठवड्यानें राजधानींत वाचला गेला.

इव्हान फ्रान्को (१८५६–१९१६) हा ऑस्ट्रियन अमलाखालील गॅलिशियांतील एका लोहाराचा मुलगा. समाजवादी, बुद्धिवादी, आणि आपल्या मतांपायीं एकाहून अधिक वेळां तुरुंगांत गेलेला. धर्मसंस्थेवर त्याचा विश्वास नव्हता. तरी जेव्हां जेव्हां त्याला फार मोठें कांहीं सांगावयाचें असे, तेव्हां तो बायबलच उघडीत असे. सन १८८९ च्या 'काइनाचा मृत्यु' या काव्यांत पहिला खुनी काइन वृद्धपणीं जगभर भटकतो आणि दुरून नंदनवनाचें दर्शन घेतो. ज्ञानवृक्ष आणि जीवनवृक्ष यांचा अर्थ त्याला तेथें उमगतो. ज्ञान निव्वळ ज्ञान म्हणून नाशाकडेहि नेतें, जीवन देणारी ती प्रीति. हें सांगण्यासाठीं तो आनंदानें माणसांकडे धांवत येतो, आणि आंधळ्या लामेखाच्या बाणानें मारला जातो. खुनी माणसालाहि सत्य सांपडूं शकतें, पण तोंवर जगानें त्याच्यासाठीं धनुष्य ताणून ठेवलेलें असतें! दुरिताला माफी असली तरी त्याचा परिणाम माफ होत नाहीं, हा या कथेचा कठोर अर्थ.

सन १९०५ मध्यें त्याचें 'मोशे' हें महत्त्वाचें काव्य प्रसिद्ध झालें. चाळीस वर्षें वाळवंटांत भटकून थकलेले लोक मोशेला दूर लोटतात. एकटा डोंगरावर बसला असतां अझाझेल हा वाळवंटाचा काळा सैतान त्याच्या कानांशीं लागतो. या सैतानाला शिंगें नाहींत, तो लांच देत नाहीं, भीति घालीत नाहीं. तो फक्त शंका पेरतो. इतक्या लोकांना तूं इतकीं वर्षें रखडविलेंस तें ईश्वराच्या इच्छेनें, कीं स्वतःच्या हट्टानें? ज्या भूमीचें वचन दिलेंस ती तरी कितीशी, आणि तेथें तरी या लोकांच्या नशिबीं काय आहे? शेवटीं मोशेच्या तोंडून ईश्वरानें आपल्याला फसविलें अशा अर्थाचे शब्द निघतात. आणि त्या एका क्षणाच्या शंकेसाठीं वचनदत्त भूमीच्या उंबरठ्यावर त्याला मरण येतें. लोक मात्र खडबडून जागे होतात आणि यहोशवाच्या मागें चालूं लागतात. आपल्या श्रमाचें फळ आपल्याला दिसणार नाहीं हें ज्या पिढीला कळून चुकलें होतें, त्या पिढीसाठीं तें काव्य होतें. दुःखाचें फळ व्यक्तीला मिळत नाहीं, समाजाला मिळतें. आणि व्यक्तीनें तें मान्य करावें लागतें, हें फ्रान्कोचें उत्तर.

या उत्तरावर समाधान न मानणारी कवयित्री म्हणजे लेस्या उक्राइन्का (१८७१–१९१३). तिचें खरें नांव लारिसा कोसाच. लहानपणींच हाडांचा क्षय जडल्यामुळें तिचें सारें आयुष्य शस्त्रक्रिया, पट्ट्या आणि उष्ण हवेच्या शोधांतील प्रवास यांत गेलें. दुःखाबद्दल तिला कोणी शिकवावें अशी तिची स्थिति नव्हती. सन १९०१ मध्यें मिन्स्क शहरीं, जिच्यावर तिचें प्रेम होतें अशी व्यक्ति, सेर्ही मेर्झिन्स्की, क्षयानें मरणपंथास लागली होती. त्या उशाशीं बसून एका रात्रींत तिनें 'पछाडलेली' ही नाट्यकविता लिहून काढली. तिची नायिका मिरियम ख्रिस्तावर निस्सीम प्रेम करते. आणि म्हणूनच शत्रूवर प्रेम करा ही त्याची आज्ञा तिला पाळतां येत नाहीं. त्याला क्रूसावर देणाऱ्यांचा तिला द्वेष वाटतो. तो यातनेंत असतांना झोंपीं गेलेल्या त्याच्या मित्रांचाहि वाटतो. जो सर्वांवर सारखें प्रेम करूं शकतो, त्याला एकावर प्रेम करणें म्हणजे काय हें कसें समजणार, असा तिचा आक्षेप. शेवटीं लोक तिला दगडांनीं मारतात. आपण स्वर्गाच्या मोबदल्यासाठीं मरत नाहीं, केवळ प्रेमासाठीं मरतों, एवढें समाधान घेऊन ती जाते. क्षमा हा ख्रिस्ती नीतीचा मुकुटमणि; पण दुसऱ्याला झालेल्या जखमेबद्दल क्षमा करण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला, हा मिरियमचा प्रश्न टाळतां येण्याजोगा नाहीं.

सन १९०५ च्या 'भुयारांत' या नाट्यकाव्यांत हाच वाद सामाजिक रूप घेतो. रोमच्या भुयारी थडग्यांत गुप्तपणें जमलेल्या ख्रिस्ती मंडळींत एक नवदीक्षित गुलाम येतो. मालकांच्या जगाला कंटाळून तो येथें स्वातंत्र्य शोधूं पाहतो. आणि धर्मगुरु त्याला सांगतो कीं, सहन कर, नम्र हो, ईश्वराचा दास हो. तो विचारतो, वर एक मालक होता, येथें दुसरा. मग फरक काय? मनुष्यासाठीं अग्नि चोरून आणणाऱ्या आणि कोणालाहि दास न करणाऱ्या प्रोमिथियसाचें नांव घेऊन तो बंडखोर गुलामांना मिळण्यासाठीं निघून जातो. शेव्चेन्कोच्या काव्यांत ख्रिस्त आणि प्रोमिथियस एकाच कड्यावर होते. येथें ते एकमेकांसमोर उभे आहेत. बोरिस आणि ह्लिब यांच्यापासून चालत आलेल्या निमूटपणें सोसण्याच्या आदर्शावर इतका सरळ घाव त्या वाङ्मयांत पूर्वीं कोणी घातला नव्हता. आणि तरीहि लेस्याचा भर धर्माच्या निंदेवर नाहीं. धर्मगुरूचे युक्तिवादहि तिनें प्रामाणिकपणें, पुऱ्या बळानें मांडले आहेत. सन १९०९ च्या 'रक्ताच्या शेतांत' या काव्यांत तर तिनें यहूदालाहि आपली कैफियत देऊं दिली. धन्याला विकून मिळालेल्या पैशांच्या शेतांत तो राबतो आहे; सर्वस्व देऊन शिष्य झालों, तें परत मिळविण्याचा दुसरा मार्ग नव्हता, असें तो वाटसरूला सांगतो. दुरित येथें काळें भयंकर नाहीं. तें व्यवहारी आहे, हिशेबी आहे, आणि म्हणून अधिक अंगावर येतें.

सन १९१८ मध्यें क्रांति आणि यादवी यांच्या वावटळींत पाव्लो तिचिना या तरुण कवीचा 'सूर्याच्या सनया' हा संग्रह निघाला. त्यांत 'शोकाकुल माता' या नांवाची लहानशी चार भागांची कविता आहे. ती त्यानें आपल्या आईच्या स्मृतीस वाहिली. मरीया आपल्या मुलाच्या शोधांत शेतांमधून चालली आहे. वाटेंत शिष्य भेटतात आणि सांगतात कीं, यहूदियाकडे जाऊं नकोस, युक्रेनमध्यें जा, तेथील प्रत्येक झोंपडींत तुला क्रूसावरच्या त्याची निदान छाया तरी दिसेल. भोंवतीं पीक डोलतें आहे, आकाश निर्मळ आहे, आणि त्या हिरव्या शांततेंत पदोपदीं मृत्यु आहे. शेवटीं ती बांधावर कोसळते. पसरलेल्या हातांचाच क्रूस होतो. तेथें फिर्याद नाहीं, वाद नाहीं. मुलाऐवजीं आईच क्रूसाच्या आकारांत पडली आहे, आणि पुनरुत्थानाचा सूर्य उगवलेला दिसत नाहीं. हाच कवि पुढें सत्तेचीं स्तुतिगीतें लिहूं लागला आणि सन १९४३ ते १९४८ पर्यंत सोव्हिएट युक्रेनचा शिक्षणमंत्री होता. भयानें एका मोठ्या कवीचा आवाज कसा बदलतो, तीहि दुःखाचीच एक कथा होय.

त्या भयाला कारण होतें. सन १९३२–३३ च्या कृत्रिम दुष्काळांत, गांवोगांवचें धान्य सरकारनें उचलून नेल्यामुळें, युक्रेनमध्यें सुमारे ३५ ते ४० लक्ष माणसें मेलीं. आणि त्याचा उच्चार करणें हाहि अपराध ठरला. पुढच्या चार-पांच वर्षांत मिकोला झेरोव्ह यांच्यासारखे कवि गोळ्या घालून मारले गेले. सन १९४६ मध्यें गॅलिशियांतील ग्रीक कॅथोलिक चर्च मोडून टाकण्यांत आलें. उपासनेचें स्थळच नाहींसें झालें, तेव्हां प्रार्थना पुन्हा एकदां कवितेच्या आश्रयाला आली.

वासिल स्तूस (१९३८–१९८५) हा त्या काळाचा साक्षी. खाणींच्या दोनेत्स्क शहरांत तो वाढला. गटे आणि रिल्के यांचीं त्यानें भाषांतरें केलीं. सन १९६५ मध्यें कीव्हच्या एका चित्रपटगृहांत बुद्धिजीवींच्या अटकेविरुद्ध उभा राहिल्याबद्दल त्याचें संशोधनाचें शिक्षण बंद पडलें; सन १९७२ आणि १९८० मध्यें त्याला दोनदां शिक्षा झाली. त्याच्या मुख्य संग्रहाचें नांव 'पालिम्प्सेस्ट', म्हणजे जुनें अक्षर खरवडून पुन्हा लिहिलेलें चामड्याचें पान. या कवितांत ईश्वराला उद्देशून बोलणें वारंवार येतें. पण तें मागणें नसतें. सुटका, सूड, चमत्कार यांपैकीं तो कांहींच मागत नाहीं. आपलें अंतःकरण आपणच भरून काढावें, आणि न्यायाधीशापुढें उभें राहण्याची वेळ येईल तेव्हां मान खालीं घालावी लागूं नये, एवढीच त्याची इच्छा. स्कोवोरोदाची अंतर्मुखता आणि शेव्चेन्कोचा ताठ कणा येथें एकत्र आले. दुःखाला त्यानें गोड म्हटलें नाहीं; तें आपल्याला शुद्ध करतें असा बडेजावहि केला नाहीं. त्याचें म्हणणें इतकेंच कीं, दुःख टाळतां आलें असतें, पण त्यासाठीं खोटें बोलावें लागलें असतें. सन १९८५ च्या सप्टेंबरांत उरल प्रदेशांतील एका छावणीच्या शिक्षा-कोठडींत त्याला मृत्यु आला. शेवटच्या वर्षांत लिहिलेल्या कवितांची वही अधिकाऱ्यांनीं काढून घेतली होती. ती आजवर सांपडलेली नाहीं. ओर्स्कचा किल्ला त्याच उरल पर्वताच्या दक्षिण टोंकाशीं आहे. एका शतकाआड दोन कवि त्याच दिशेला नेले गेले. एकाची वही बुटांत वांचली, दुसऱ्याची वांचली नाहीं.

ही कथा संपलेली नाहीं. सन २०२२ च्या मे महिन्यांत खारकीव्ह प्रांतांतील ज्या घरांत स्कोवोरोदानें अखेरचे दिवस काढले, त्या घराचें संग्रहालय रशियन क्षेपणास्त्रानें जळालें. छप्पर आणि भिंती कोसळल्या, आंतील त्याचा पुतळा मात्र काळवंडून उभा राहिला. सन २०२४ च्या ७ जानेवारीस, जुन्या पंचांगाप्रमाणें नाताळाच्या दिवशीं, माक्सिम क्रिव्त्सोव्ह हा तरुण कवि आघाडीवर मारला गेला. किल्ल्याच्या जंगींतून पाहिलेल्या जगाच्या कवितांचा त्याचा संग्रह आदल्याच वर्षीं निघाला होता. हल्ला करणारेहि गळ्यांत क्रूस घालून आले होते आणि त्यांच्या धर्मगुरूंनीं त्यांना आशीर्वादहि दिले होते. शेव्चेन्कोनें १८४५ मध्यें विचारलेला प्रश्न अक्षराचाहि फरक न करतां पुन्हा विचारावा लागला.

इतक्या कवींनीं मिळून दुरिताचें कोडें सोडविलें काय? तसें म्हणवत नाहीं. दुरित कोणी आपल्या इच्छेंत पाहिलें, कोणी सत्तेंत, कोणी शंकेंत, तर कोणी निमूटपणें सोसण्याच्या उपदेशांतच. पण एका गोष्टींत ते सारे एकमतानें वागले. ईयोबाच्या मित्रांची भूमिका त्यांच्यापैकीं कोणीहि पत्करली नाहीं. कोसळलेल्या माणसाजवळ जाऊन, हें तुझ्याच पापाचें फळ, असें त्यांनीं म्हटलें नाहीं. दुःखाचें समर्थन करणें हा त्यांना दुःख देण्याइतकाच अपराध वाटला. म्हणूनच त्यांच्या काव्यांत सिंहासनावरच्या ईश्वराला जागा थोडी आणि क्रूसाखालीं उभ्या राहिलेल्या आईला जागा फार. ती कांहीं समजावून सांगत नाहीं. ती फक्त तेथून हलत नाहीं. तेवढी सोबत माणसाला पुरते कीं नाहीं, हें ज्याचें त्यानें ठरवावयाचें. एका कैद्याला मात्र ती पुरली, इतकें ओर्स्कच्या किल्ल्यांतील त्या चिमुकल्या वह्यांवरून सांगतां येतें.